दीड लाख किलोमीटर चाललेली जीटी टीडीआय

14 जून 2025, शनिवार

आज निगडीला जाऊन फोक्सवॅगनची पोलो जीटी टीडीआय ही लहान डिझेल गाडी पाहिली. पासिंग फेब्रुवारी 2015 चे, नंबर एमएच-14, मालक पहिलेच आणि मीटरवर 1,62,000 किलोमीटरच्या थोडे वर रनिंग. एवढे रनिंग ऐकल्यावर बहुतेक गिऱ्हाइके पुढे बोलतच नाहीत, आणि त्यामुळेच ही गाडी तीन लाखांच्या आत मिळण्याची शक्यता आहे. माझ्या मते डिझेल गाडी किती चालली यापेक्षा ती कोणत्या रस्त्यावर चालली, हे आधी विचारायला हवे. या गाडीचे मालक औषध कंपनीच्या कामानिमित्त दहा वर्षे सातारा, कराड, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात फिरत होते. महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास तासन्‌तास चाललेले इंजिन नीट तापते, त्यात काजळी कमी साचते आणि क्लचवर पाय क्वचितच जातो. याउलट चिंचवडहून आकुर्डीपर्यंत रोज थांबत-थांबत गेलेली, अवघी पन्नास हजार किलोमीटर झालेली गाडी आतून जास्त थकलेली असू शकते, कारण तिचे इंजिन पूर्ण तापायच्या आतच बंद केले जाते.

मला हीच गाडी का हवी, तेही लिहून ठेवतो. 2013 मध्ये जीटी टीडीआय आली तेव्हा तिच्यात 1.6 लिटरचे इंजिन होते. पुढच्याच वर्षी त्या जागी 1.5 लिटरचे आले, कारण चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या गाडीत 1,500 सीसीपर्यंतचे डिझेल इंजिन असले की उत्पादन शुल्क कमी पडत असे. ताकद मात्र तीच राहिली : 105 पीएस, आणि 1,500 ते 2,500 आरपीएमच्या दरम्यान 250 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर. एवढ्या लहान आणि घट्ट बांध्याच्या गाडीत इतका टॉर्क असला म्हणजे घाटात ट्रकच्या मागून बाहेर पडताना गिअर उतरवावा लागत नाही, नुसता पाय दाबला की गाडी निघते. त्यातून ती आमच्या चाकणची. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 लागू झाले आणि डिझेल पोलो बंद झाली, 2022 मध्ये पोलोच बंद झाली. म्हणजे आता जी मिळेल ती वापरलेलीच असणार, आणि त्यातली चांगली शोधून जपायची एवढेच आपल्या हातात आहे.

मालकांना आदल्या दिवशीच विनंती केली होती की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवला तर ते गार होते. पहिल्याच चावीला सुरू झाले, दोन-तीन सेकंद खडखड झाली आणि मग आवाज एकसारखा लागला. निळा धूर नाही, ऑइलचे झाकण उघडल्यावर भसाभस वाफही नाही. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की एक बारीक किणकिण येते आणि क्लच दाबला की ती थांबते. हा आवाज बहुधा दुहेरी फ्लायव्हीलचा, म्हणजे क्लचजवळच्या, इंजिनाचे धक्के शोषणाऱ्या जड चाकाचा आहे, आणि भाव ठरवताना ते बदलण्याची रक्कम मनात धरायला हवी.

त्यानंतर गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला. मीटर मागे फिरवले आहे का, हे पाहण्याची माझी आवडती पद्धत अशी की आधी सगळ्या मॉड्युलमधले जुने फॉल्ट कोड वाचायचे. या गाड्यांमध्ये बहुतेक फॉल्टसोबत तो कोणत्या किलोमीटरला नोंदला गेला ते साठवलेले असते. मीटर सत्तर हजार दाखवत असेल आणि फॉल्ट एक लाख दहा हजारांचा निघाला, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. इथे सर्वांत अलीकडचा फॉल्ट 1,58,000 च्या आसपासचा, टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब अपेक्षेपेक्षा कमी पडल्याचा होता. म्हणजे मीटर विश्वासार्ह आहे आणि टर्बोकडे पाहावे लागेल. या दोन्ही गोष्टी मालकांना दाखवल्या. ते शांतपणे म्हणाले, "सर, गाडी चालवली आहे, ते लपवण्यासारखं काय आहे?" सर्व्हिसच्या पावत्यांची फाइल त्यांनी तारीखवार लावून ठेवली होती. 90,000 ला टायमिंग बेल्ट बदलल्याची पावतीही तीत आहे.

21 जून, शनिवार

व्यवहार झाला. मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, बँकेचा बोजा 2020 मध्येच उतरलेला असल्याने ती कटकट नव्हती. विमा नावावर करून घेण्याचा अर्जही आजच दिला. नाव चढण्याआधी गाडीला हात लावायचा नाही असे ठरवले आहे.

6 जुलै, रविवार

आज आषाढी असल्याने गॅरेज बंद आहे आणि विचार करायला वेळ आहे. या आठवड्यात दिल्लीच्या बातम्या लक्षपूर्वक वाचल्या. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना पंपावर इंधन देऊ नये, हा वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाचा निर्देश तिथे 1 जुलैपासून लागू झाला आणि दोन दिवसांतच दिल्ली सरकारने तो थांबवण्याची विनंती आयोगाला केली. माझ्या गाडीला याच वर्षी दहा वर्षे पूर्ण झाली. महाराष्ट्रात तसे बंधन नाही, येथे नोंदणी पंधरा वर्षांची असते. पण म्हणून माझ्या गाडीच्या धुराचा प्रश्न संपला, असे मला वाटत नाही.

ट्यूनिंगसाठी, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून घेण्यासाठी, ज्यांच्याशी बोललो, त्यांपैकी बहुतेकांनी पहिला सल्ला एकच दिला : "ईजीआर बंद करून टाका, इंजिन मोकळं होईल." हा सल्ला मी घेणार नाही. त्याची कारणे कागदावर उतरवली म्हणजे माझी मलाही स्पष्ट होतील.

ईजीआर व्हॉल्व्ह जळलेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडतो. त्यामुळे आतला ऑक्सिजन कमी होतो, ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे हे प्रदूषक वायू कमी तयार होतात. याची किंमत म्हणजे काजळी, जी ऑइलच्या वाफेत मिसळून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, चिकटते. हा त्रास खरा आहे. परंतु पाय पूर्ण दाबला की हा व्हॉल्व्ह स्वतःच बंद होतो, कारण त्या वेळी इंजिनाला सगळी ताजी हवा हवी असते. म्हणजे व्हॉल्व्ह चांगल्या स्थितीत असेल तर तो बंद केल्याने पूर्ण ताकदीत काहीही भर पडत नाही. ईजीआर काढल्यावर गाडी हलकी वाटली असे जे लोक सांगतात, त्यांचा व्हॉल्व्ह बहुधा काजळीने अर्धवट उघडा अडकलेला असतो. तो साफ केला असता तरी त्यांना तेच सुख मिळाले असते.

दुसरे कारण माझ्या दृष्टीने अधिक मोठे आहे. हे इंजिन फोक्सवॅगनच्या ईए189 घराण्यातले आहे. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेत जे प्रकरण उघडकीस आले, ते याच घराण्याचे : गाडी चाचणीवर आहे हे सॉफ्टवेअर ओळखत असे आणि तेवढ्यापुरती नायट्रोजनची ऑक्साइडे कमी सोडत असे, रस्त्यावर मात्र ती कितीतरी जास्त सोडली जात. भारतातही डिसेंबर 2015 मध्ये सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. माझ्या गाडीत ती सॉफ्टवेअर दुरुस्ती झाल्याची नोंद पावत्यांच्या फाइलमध्ये आहे. आपल्याकडे डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराची घनता मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजतच नाहीत. त्यामुळे ईजीआर बंद केलेली गाडीही निर्धास्त पास होते आणि कोणी विचारायला येत नाही. कोणी विचारणार नाही, हेच मला तसे न करण्याचे पुरेसे कारण वाटते. ज्या फसवणुकीबद्दल एका बलाढ्य कंपनीला आपण नावे ठेवली, तीच आपल्या अंगणात दोन स्क्रू आणि एका पत्र्याच्या तुकड्याने करायची, हे मला पटत नाही.

19 जुलै, शनिवार

गाडी नावावर झाली आणि भोसरीच्या मिस्त्रींकडे काम सुरू झाले. ते सुरुवातीलाच म्हणाले, "आधी निरोगी करू, मग पैलवान करू." मीही याच मताचा आहे. रीमॅपने, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली फाइल बदलून ताकद वाढवल्याने, इंजिनात नवे काही येत नाही, आहे त्याच्याकडून अधिक काम घेतले जाते, आणि जे कच्चे असेल ते त्यात आधी उघडे पडते.

इनटेकचा पाइप सोडवला तेव्हा आतले दृश्य मी मुद्दाम टॉर्च धरून पाहिले. तोंडाच्या कडेने बोटभर जाडीचा काळा, ओलसर थर होता आणि हवेला जायला मधोमध उरलेली वाट मूळच्या निम्मी असावी. प्लास्टिकच्या पट्टीने तो खरवडताना आधी लोण्यासारखा निघत होता, मग खाली कोळशासारखा टणक थर लागला. महामार्गावर चाललेल्या गाडीची ही अवस्था असेल, तर शहरात फिरलेल्या गाडीची काय असेल! ईजीआर व्हॉल्व्हची झडप पूर्ण बंद होत नव्हती. तिच्या बैठकीवर काजळीची एक कडक पापडी बसली होती. ती निघाल्यावर झडप टकदिशी बसू लागली.

टर्बोच्या दाबाचा फॉल्ट त्यामानाने साध्या कारणाचा निघाला. टर्बोच्या आतली हलती पाती ज्या दांड्याने फिरतात, त्याला हाताच्या पंपाने व्हॅक्यूम दिला, तर दांडा अडखळत वर चढत होता आणि काही क्षणांत आपोआप खाली येत होता. अडखळणे काजळीमुळे होते, ते सफाईने गेले. खाली येण्याचे कारण व्हॅक्यूमच्या नळीला वाकणाच्या जागी गेलेली केसाएवढी चीर होते. ती नळी काही रुपयांची आहे. फॉल्ट वाचून थेट टर्बोच बदलला असता, तर गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा गेला असता आणि फॉल्ट तसाच राहिला असता.

टायमिंग बेल्ट वॉटर पंप आणि टेन्शनरसह पुन्हा बदलून घेतला. मागचा बदलून सत्तर हजारांच्या वर झाले होते, आणि या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, त्यामुळे इथे काटकसर करणे मला मान्य नाही. क्लच आणि दुहेरी फ्लायव्हील नवे घातले. संपूर्ण कामात सर्वांत जास्त खर्च याचाच झाला, परंतु वाढलेला टॉर्क पहिल्यांदा इथेच येऊन धडकतो. पुढच्या सस्पेन्शनचे स्ट्रट माउंटिंग, लिंक रॉड आणि खालच्या आर्मचे बुश बदलले. ब्रेक ऑइल नवे भरले, पुढच्या डिस्कला नवे पॅड बसवले, मागचे ड्रम उघडून साफ केले. टायर 185/60 आर15 च्या जागी 195/55 आर15 टाकले.

निघताना पीयूसी केली. बीएस-4 डिझेलसाठी धुराच्या मोजणीची मर्यादा 1.62 आहे. माझी गाडी 0.7 च्या आसपास आली. हा आकडा मी जपून ठेवला आहे, कारण पुढच्या कामाचा न्याय याच आकड्यावर होणार आहे.

10 ऑगस्ट, रविवार

रीमॅप झाला. त्याआधी विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचे उत्तर येईपर्यंत थांबलो होतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल करू देत नाही, आणि अपघातानंतर दावा अडकला तर त्यात माझ्याबरोबर समोरच्याचेही नुकसान असते. मूळ फाइल दोन ठिकाणी साठवून ठेवली आहे, म्हणजे कधीही परत टाकता येईल.

ट्यूनरशी सर्वांत अधिक चर्चा टॉर्कच्या आकारावर झाली. स्टेज वनमध्ये, म्हणजे सुटे भाग न बदलता फक्त रीमॅप करून, या इंजिनातून साधारण 135 पीएस आणि 320 न्यूटन मीटरपर्यंत जाता येते असे सांगतात. मी कमाल 300 वर थांबायला सांगितले आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे 2,000 आरपीएमच्या खाली मूळ टॉर्कला हात लावू दिला नाही. खालच्या आरपीएमला अचानक आलेला टॉर्क सांगायला छान वाटतो. पण तेव्हा पिस्टन संथ असतात, दाब जास्त असतो आणि सगळा मार कनेक्टिंग रॉड व फ्लायव्हीलवर बसतो. धूर रोखणारी मर्यादा, म्हणजे उपलब्ध हवेच्या प्रमाणात किती डिझेल सोडायचे ते ठरवणारा तक्ता, जवळपास तसाच ठेवायला सांगितला. ताकद वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे हाच तक्ता सैल करणे. त्या मार्गाने गेलेली गाडी मागे काळा लोट सोडत जाते, आणि तो लोट म्हणजे न जळलेले डिझेल, तापलेला टर्बो आणि मागच्या दुचाकीस्वाराचा श्वास.

सकाळी लवकर साताऱ्याकडे निघालो. खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये 1,600 पासून 3,800 पर्यंत पाय पूर्ण दाबून लॉग, म्हणजे इंजिनाच्या आकड्यांची नोंद, घेतला. शेजारी बसलेला भाचा लॅपटॉप सांभाळत होता. घरी येऊन आलेख पाहिला. संगणकाने मागितलेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि टर्बोने प्रत्यक्ष दिलेला बूस्ट या दोन रेषा 2,000 च्या पुढे एकमेकींना चिकटून चालल्या आहेत. सफाईपूर्वीच्या लॉगमध्ये त्यांच्यात ठळक फट होती. मला आज सर्वांत अधिक आनंद या आलेखाचा झाला. चालवताना फरक असा जाणवतो की तिसऱ्या गिअरमधला ओढा पूर्वी तीन हजारांना ओसरायचा, तो आता आणखी पाचशे आरपीएम टिकतो, आणि वळणातून बाहेर पडताना पुढची चाके अजिबात झगडत नाहीत.

परतताना पुन्हा पीयूसी केली : 0.8. मर्यादेच्या निम्मा आणि आधीपेक्षा नाममात्र जास्त. हा आकडा 1 च्या पुढे गेला असता तर मी मूळ फाइल परत टाकणार होतो. ऑइल आता कंपनीने सांगितलेल्या अंतराची वाट न पाहता दर साडेसात हजारांना बदलायचे आणि ईजीआर दर वर्षी उघडून साफ करायचा, असे मिस्त्रींशी ठरले आहे. पुढच्या खेपेला मागचे शॉक ॲब्सॉर्बर पाहायचे आहेत. उजवीकडच्यावर ऑइलचा पातळ ओघळ दिसतो आहे.