इंदूरहून पुण्याला रेल्वेने: गाडी अडली तर कुठे उतरायचं

इंदूर-पुणे रस्त्याने सुमारे 600 किलोमीटर. रेल्वे मात्र उज्जैन, रतलाम, बडोदा, सुरत, वसई, कल्याण असा गुजरातचा मोठा वळसा घालून पुण्यात शिरते. मनमाडच्या थेट मार्गाला 2024 मध्ये मंजुरी मिळाली, पण तो होईपर्यंत आम्हा इंदूरकरांना हाच वळसा. म्हणून पावसाळ्यातलं तिकीट काढतानाच आम्ही ठरवून ठेवतो, गाडी अडली तर कुठे उतरायचं.

या मार्गाच्या दुखऱ्या जागा दोन. वसई-नालासोपारा पट्ट्यात रुळांवर पाणी साचतं आणि कर्जत-लोणावळ्यामधल्या भोर घाटात दरड कोसळते. घाटाचा चढ 37 ला 1, पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. तिथला एक रूळ बंद झाला तरी मागे गाड्यांची रांग लागते. घाट पूर्ण बंद पडला तर काही गाड्या इगतपुरी-मनमाड-दौंड अशा फिरवतात. तशी घोषणा झाली की आम्ही कल्याणलाच उतरावं म्हणतो. द्रुतगती मार्ग सुरू आहे ना, एवढं फोनवर बघायचं आणि पनवेलमार्गे बस किंवा टॅक्सी धरायची. यासाठी सामान माणशी एकच बॅग, जिना चढताना ज्याची त्याला उचलता येईल एवढी.

रतलामच्या बाजूलाच मार्ग बंद असेल तर खंडवा लक्षात ठेवा. इंदूरहून रस्त्याने सुमारे 130 किलोमीटर, आणि तिथून भुसावळ-मनमाडकडे जाणाऱ्या भरपूर गाड्या. पण सिमरोळच्या पुढे घाट आहे, पाच तास तरी हाताशी ठेवा. श्रावणात ओंकारेश्वरला जाणाऱ्या कावडयात्रेने हा रस्ता भरतो. इथे एक गोष्ट हमखास चुकते: इकडचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. मराठी कॅलेंडर बघून निघालात तर नेमके गर्दीत सापडाल.

पैशांचं. आपण चढणार त्या स्टेशनावर गाडीला तीन तासांहून जास्त उशीर असेल आणि जायचं रद्द केलं, तर पूर्ण पैसे परत मिळतात. अट अशी की गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरायला हवा. ‘येईल, येईल’ म्हणत बसलं आणि गाडी सुटून गेली की हा हक्क गेला. पुण्याला पोचायला किती उशीर होईल, हे यात धरत नाहीत. गाडीच रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात येतात. खिडकीवरचं तिकीट मात्र तीन दिवसांच्या आत खिडकीवर द्यावं लागतं.

पुण्याहून पुढे मिरज-कोल्हापूर गाठायचं असेल तर दुसरं तिकीट पहिल्या पीएनआरला जोडून काढा. दोन्हींवर प्रवाशांची माहिती तंतोतंत सारखी हवी. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर पुण्यात उतरल्यापासून तीन तासांच्या आत मागितल्यास न झालेल्या प्रवासाचं भाडं परत मिळतं. सुटी काढलेली तिकिटं असतील तर हे संरक्षण नाही.

डब्यातले चार्जिंगचे प्लग अनेकदा रात्री 11 ते पहाटे 5 बंद असतात, आणि गाडी अडल्याचं कळतं तेही रात्रीच. भरलेली पॉवर बँक उशाशी ठेवा.

शिदोरी एका जेवणाची जास्त. बटाट्याची भाजी आणि ओल्या नारळाची चटणी सकाळपर्यंत आंबते, ती नकोच. दशम्या न्या. कणीक फक्त दुधात भिजवायची, पाण्याचा थेंब नाही. तव्यावरून काढल्या की एकावर एक न रचता सुट्या पसरून पूर्ण गार करायच्या. गरम दशमी डब्यात कोंडली की झाकणाला वाफ धरते, तेच पाणी खाली उतरतं आणि मधल्या दशम्या चिकट होतात. गार झाल्यावर सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. दुसऱ्या दिवशी दुपारी कल्याणच्या फलाटावरही त्या मऊच लागतात.