अण्णांचे पद

माईंनी हात वर केला तशी मी सुई उचलली. रेकॉर्ड त्यांचीच होती, कपाटाच्या तळातून त्यांनीच काढून दिलेली, आणि ती लावून जेमतेम अर्धा मिनिट झाला होता. “हे आमच्या अण्णांचं पद नव्हे,” त्या म्हणाल्या. “शब्द तेच, चाल तीच, पण बाई दुसरी आहे.”

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गेली एकवीस वर्षे मी जुन्या तबकड्या आणि टेपा संगणकावर उतरवून देण्याचे काम करतो. डिसेंबरमध्ये, तानसेन समारोहाच्या आठवड्यात, माईंच्या सुनेने मला त्यांच्या वाड्याच्या माडीवर सगळे सामान घेऊन बोलावले होते. माई एकोणऐंशी वर्षांच्या, ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतलेल्या. पेटी वाजवणारे गुरुजी आणि तबला वाजवणारे नाना हे त्यांचे चाळीस वर्षांचे साथीदार. ज्या गाण्याने आपल्याला घडवले ते प्रत्येकाने आणावे, सर्वांनी मिळून ते ऐकावे, त्यावर बोलावे आणि ते बोलणे मी ध्वनिमुद्रित करावे, असा सुनेचा बेत होता.

गुरुजींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी आणली होती. तिची प्रत माझ्याकडे आधीच असल्यामुळे यंत्राचे काही काम पडले नाही. बोलणेच फार झाले. हीच ठुमरी ऐकून गदगकडचा अकरा वर्षांचा एक मुलगा 1933 साली घरातून पळाला, भटकत भटकत ग्वाल्हेरला आला आणि सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांच्या मदतीने इथल्या माधव संगीत विद्यालयात दाखल झाला, हा भीमसेन जोशींचा किस्सा गुरुजींनी असा सांगितला, जणू स्टेशनावर उतरवून घ्यायला ते स्वतः गेले होते. “मी मात्र पळालो नाही,” ते म्हणाले. “मी पेटीवर ती ठुमरी काढायला बसलो आणि कळलं की पेटीत ते सूरच नाहीत. त्या दोन पट्ट्यांच्या मधली जागा आयुष्यभर शोधतोय.”

नानांनी इंदूरच्या अमीर खाँसाहेबांच्या मारवा रागाची लाँगप्ले आणली, तेव्हा ग्वाल्हेरचे मीठ खाऊन इंदूरचे गुण गाता म्हणून गुरुजींनी त्यांना डिवचले. नाना शांतपणे म्हणाले की, खाँसाहेबांच्या विलंबित लयीतल्या झुमरा तालाने त्यांना हात आवरायला शिकवले. चौदा मात्रांचे आवर्तन एवढे लांब, की कोवळ्या वयातला तबलजी रिकामी जागा दिसली की तिथे काहीतरी कोंबतो. “ठेका धरून बसायचं आणि गाणाऱ्याची वाट बघायची, एवढंच काम. ते जमायला मला पंधरा वर्षं लागली.”

मग माईंची पाळी आली, आणि त्यांची बाई दुसरीच निघाली.

तबकडी लाखेची, दहा इंची, एका बाजूला तीन मिनिटे दहा सेकंदांचे नाट्यपद. लेबल कसरीने असे खाल्ले होते की गायिकेचे नाव राहिलेच नव्हते. घरात कुणाला ते नाव आठवत नव्हते. घरापुरते ते ‘अण्णांचे पद’ होते. अण्णा म्हणजे माईंचे वडील. माई आठ-नऊ वर्षांच्या असल्यापासून अण्णा रोज संध्याकाळी चावीच्या ग्रामोफोनवर हे पद लावत आणि माई खांबाला टेकून ऐकत. पुढे ज्यांच्याकडे तालीम सुरू झाली त्या बुवांना रेकॉर्डींचा तिटकारा होता, त्यामुळे हे पद माईंनी चोरूनच बसवले आणि आजपर्यंत कुठल्याही मैफलीत गायले नाही.

गुरुजींनी पेटीवर बोट ठेवले. “पांढरी पाच.” म्हणजे पदाचा ‘सा’ पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर होता.

“तेच म्हणते मी,” माई म्हणाल्या. “अण्णांचं पद पांढरी सहात होतं. माझी पट्टी सहा झाली ती त्यामुळेच.”

पहिला संशय मी स्वतःच्या यंत्रावर घेतला. फिरत्या तबकडीची गती तपासायला माझ्याकडे एक कागदी चकती असते. तिच्या कडेने 77 रेषा असतात. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे तिच्यावरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा, म्हणजे मिनिटाला 6,000 वेळा लुकलुकतो. मिनिटाला 78 फेरे बरोबर होत असले की त्या प्रकाशात रेषा जागच्या जागी उभ्या दिसतात, गती वाढली की पुढे सरकतात आणि घटली की मागे. माडीवर एलईडीचे दिवे होते, त्यांच्या प्रकाशात नुसता करडा पट्टा दिसत होता. शेवटी जिन्यातली चोकवाली जुनी ट्यूबलाइट काढून माडीवर लावली, तेव्हा रेषा उमटल्या आणि स्थिर राहिल्या. यंत्र निर्दोष होते.

पण एवढ्याने निकाल लागत नाही. ‘अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड’ हे नाव सरसकट पडले असले, तरी जुन्या काळी मूळ मुद्रण थोड्या कमीअधिक गतीनेही होत असे, आणि ऐकताना ते लक्षात घ्यावे लागते. म्हणून मी उतरवून घेतलेला आवाज संगणकावर बारा टक्क्यांहून किंचित जास्त वेगाने वाजवला. तेवढ्याने सूर पाचावरून सहावर जातो आणि तीन मिनिटे दहा सेकंदांचे पद दोन मिनिटे एकोणपन्नास सेकंदांत संपते.

माईंनी डोळे मिटले. “हीच. हीच ती पोर.”

‘पोर’ हा शब्द मला खटकला, पण तेव्हा मी विचारले नाही. गुरुजींनी पेटी मिटली. पद दोन्ही वेळा पेटीच्या पट्टीशी नेमके जुळत होते, त्यामुळे तिची साक्ष काढण्यात अर्थ नव्हता. बोलले ते नाना. “डग्गा ऐका. आत्ताचा डग्गा डबा वाजल्यासारखा वाजतोय. घुमारा उठायच्या आधीच मिटतो. पहिल्यात घुमत होता तसा घुमायला हवा. माई, खरं पद पाचातलंच.” मी दोन्ही पुन्हा लावून पाहिली. एकदा कान तिकडे गेल्यावर शंकेला जागा उरली नाही.

मग माळ्यावरून ग्रामोफोन उतरवला. स्प्रिंग अजून धरत होती. माईंची रेकॉर्ड त्याच्या पोलादी सुईखाली देण्याची माझी छाती नव्हती, म्हणून एक टाकाऊ तबकडी लावली, तिच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि मोबाइलवर मिनिट लावून फेरे मोजले: सत्त्याऐंशी, आणि अर्ध्याच्या आसपास आणखी. खालची फळी उघडल्यावर कारणही दिसले. या यंत्रात गती आवरायला फिरती वजने असतात. ती जोराने फिरली की बाहेर फाकतात, त्यांच्याबरोबर एक चकती सरकते आणि चामड्याच्या छोट्या गादीवर घासून वेग रोखते. ती गादी झिजून पातळ कातडे उरले होते, त्यामुळे चकती तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत यंत्राने हवा तेवढा वेग घेतलेला असायचा. गती ठरवायचा स्क्रू गंजून जाम झाला होता. तो पिळायला अण्णांनी कुणाला हात लावू दिला नाही, असे माई म्हणाल्या.

माझ्या कामात चूक सापडली की बरे वाटते, आणि ते मी तोंडावर दिसू दिले असावे, कारण माईंनी माझ्याकडे पाहिले आणि मी गप्प झालो.

“मला वाटायचं माझ्याच वयाची कुणी मुलगी गातेय,” बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. “म्हणून तर ईर्ष्या. ती शेवटची तान तिला येते आणि मला का येत नाही? पहाटे उठून घोकायचे. गळा बसायचा, रडायचे, पुन्हा घोकायचे. दोन वर्षं लागली.” मग नानांकडे वळून, “आणि लोक म्हणायचे, माईंची तान म्हणजे बुवांचा आशीर्वाद!”

नाना हसू दाबू शकले नाहीत. गुरुजी तेवढ्यात म्हणाले, “म्हणजे मूळ बाईंनी जी कधी घेतलीच नाही, ती तान तुम्ही घेत आलात.”

चहा आला, गार झाला. सुनेने मला हळूच विचारले की सीडीवर कोणते पद घालणार. मी दोन्ही म्हणालो. खरे तर त्या क्षणी मला काही सुचत नव्हते.

माईंनी तानपुरा मागवला. वयापरत्वे त्यांची पट्टी गेल्या काही वर्षांत सहावरून पाचावर उतरली होती, आणि त्या कारणाने त्यांनी बाहेर गाणे बंद केले होते, हे मला गुरुजींकडून नंतर कळले. त्या दिवशी तानपुरा पाचातच लावलेला होता. त्यांनी तो मांडीवर घेतला, खरजाची तार दोनदा छेडून पाहिली आणि मला म्हणाल्या, “लावा तुमचं अठ्ठ्याहत्तरवालं.”

त्या तबकडीबरोबर गायल्या. ध्रुवपद दोघींचे बरोबर गेले, अंतराही गेला; आवाज कापत होता, पण सूर रेकॉर्डमधल्या बाईंच्या सुराला चिकटून होता. शेवटच्या तानेला माई पुढे निघाल्या. रेकॉर्डमधल्या बाई अजून तानेच्या मध्यावर होत्या तेव्हा माई समेवर येऊन थांबल्या होत्या, मान किंचित कलती करून, आणि नानांनी मांडीवर हाताने मात्रा धरून ठेवल्या होत्या. “या बाई,” माई पुटपुटल्या, “या सावकाश.”

या मुद्रणात ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण आली आहे. एरवी मी ती गाळून टाकतो. या वेळी हात लावला नाही.