तीन डेस्कटॉप आणि हाताची सवय

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार, हे मला बरंच आधी ठाऊक होतं. माझा डेस्कटॉप ठणठणीत होता, पण त्यातला प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीतला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे एक तर नवं मशीन घेऊन विंडोज ११ वर जायचं, नाहीतर मॅक घ्यायचा, नाहीतर आहे त्याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकायची. ज्यांना विचारलं ते सगळे आपण वापरतो तेच कसं चांगलं, हे सांगत होते. शेवटी ठरवलं की तिन्हींवर स्वतःचं रोजचं काम करून बघायचं.

माझं काम संपादनाचं आहे. एका बाजूला लेखकाचा मजकूर, दुसऱ्या बाजूला संदर्भाची पीडीएफ, मध्येच शब्दकोश, मागे ब्राउझर. दिवसभर या चार-पाच खिडक्यांमध्ये ये-जा चालते. दिसायला कोण सुंदर, याच्याशी मला फारसं कर्तव्य नव्हतं. म्हणून जवळ एक वही ठेवली आणि हात जिथे जिथे अडखळेल, तिथे वेळ आणि कारण लिहायचं ठरवलं. प्रत्येकाला तीन आठवडे दिले.

सुरुवात ऑफिसच्या लॅपटॉपवरच्या विंडोज ११ पासून केली. अपेक्षेप्रमाणे नोंदी कमी झाल्या. १९९५ पासूनची स्टार्ट बटण आणि टास्कबार ही जोडी अजून तीच आहे, फक्त आता मधोमध येऊन बसली आहे. ती डावीकडे सरकवता येते. मी मात्र कित्येक वर्षं टास्कबार पडद्याच्या डाव्या कडेला उभा लावत आले होते. रुंद पडद्यावर उंची मौल्यवान असते, कारण मजकुराच्या दोन ओळी जास्त दिसतात. मी वापरलेल्या आवृत्तीत ती सोय नव्हती, आणि वहीत याच कारणाच्या नोंदी सगळ्यांत जास्त निघाल्या. त्याउलट खिडक्या शेजारी शेजारी लावण्यात विंडोजइतकं सुख मला कुठेच मिळालं नाही. मॅक्सिमाइझ बटणावर माउस थांबवला की मांडणीचे नकाशे उघडतात. हवा तो चौकोन निवडला की उरलेल्या खिडक्या कुठे बसवायच्या, हेही तोच विचारतो.

मग ताईने तिचा मॅकबुक वापरायला दिला. पहिल्या आठवड्यात वहीची चार पानं भरली. फाइल उघडायला एंटर दाबलं की तिचं नाव बदलायची चौकट उघडायची. उघडायचं तर कमांड आणि ओ. लाल बटण दाबून खिडकी बंद केली तरी प्रोग्रॅम चालूच. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन लेख उघडे असले, तर कमांड-टॅबने एकातून दुसऱ्यात जाता येईना. मी चिडून लिहीत होते, पण चौथ्या पानावर आल्यावर लक्षात आलं की या सगळ्या नोंदी एकाच गोष्टीबद्दल आहेत.

विंडोजमध्ये खिडकी हेच एकक आहे. खिडकी म्हणजे काम. ती मिटली की काम संपलं. ऑल्ट-टॅबही खिडक्याच मोजतो. मॅकमध्ये एकक आहे ॲप, आणि खिडक्या ही त्याची पोरं. एकही खिडकी उघडी नसली तरी ॲप जागं राहू शकतं, कारण त्याचा मेन्यू पडद्याच्या वरच्या कडेला स्वतंत्र असतो. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशपासून तो तिथेच आहे. त्यामागे कारणही आहे. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात तिथे लवकर पोचतो. पडद्याच्या कडेपलीकडे माउस जाऊच शकत नाही, त्यामुळे कडेला चिकटलेला मेन्यू कितीही जोरात माउस ढकलला तरी हुकत नाही. हे समजल्यावर मी कमांड-टॅबने ॲप बदलायला लागले आणि त्याच ॲपमधल्या खिडक्यांसाठी कमांडबरोबर टॅबच्या वरची की वापरायला लागले. तिसऱ्या आठवड्यात जेमतेम अर्धं पान भरलं.

कमांड कीचं तर मी मनापासून कौतुक करते. कॉपी-पेस्टची सी आणि व्ही ही अक्षरं सगळीकडे तीच आहेत, पण मॅकवर ती कमांडबरोबर, म्हणजे अंगठ्याने दाबायची. करंगळी वाकडी करून दिवसात शेकडो वेळा कंट्रोल दाबण्यापेक्षा हे मनगटाला फार सोपं जातं. शिवाय टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, कंट्रोल-सी म्हणजे चालू काम थांबवणं. मॅकवर त्याचा कॉपीशी गोंधळ होत नाही. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कॉपीसाठी शिफ्टही सोबत दाबावं लागतं.

लिनक्सकडे वळण्याआधी सगळ्या फाइल बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. ड्राइव्ह एक्सफॅट या फाइल साठवायच्या पद्धतीत फॉरमॅट केला होता. विंडोजची स्वतःची पद्धत एनटीएफएस मॅक वाचतो, पण आपणहून त्यावर लिहीत नाही. एक्सफॅट तिघांनाही चालतो. मग पेन ड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, एकेक डेस्कटॉप चालवून पाहिला. लिनक्समध्ये हे वेगळंच असतं: आतलं इंजिन एक, पण वरचा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, पट्टी, मेन्यू यांची मांडणी, आपण निवडायची. मिंट या लिनक्सच्या प्रकारातला सिनॅमन डेस्कटॉप विंडोजच्या इतका जवळचा आहे की वही कोरीच राहिली. फेडोरा या दुसऱ्या प्रकारावरच्या नोम डेस्कटॉपमध्ये मात्र मिनिमाइझ बटणच नाही. सुपर की (विंडोजचं चिन्ह असलेली) दाबली की सगळ्या खिडक्या पसरून समोर येतात, आणि गर्दी झाली की त्या लपवण्याऐवजी दुसऱ्या वर्कस्पेसवर, म्हणजे वेगळ्या आभासी पडद्यावर, पाठवायच्या. इथे एकक कामाची जागा. एका जागेवर लेख आणि पीडीएफ, दुसरीवर पत्रव्यवहार. एकाग्रतेसाठी हे मला खरंच आवडलं, पण मला क्षणाक्षणाला शब्दकोश लागतो आणि तो कुठल्या जागेवर ठेवावा, हे शेवटपर्यंत जमलं नाही.

देवनागरीची काळजी होती, ती फोल ठरली. इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची कीबोर्ड मांडणी तिन्हीकडे आहे, त्यामुळे मराठी टाइप करताना हात एकदाही थांबला नाही.

शेवटी जुन्या मशीनवर केडीई प्लाझ्मा हा लिनक्सचा आणखी एक डेस्कटॉप टाकला. कारण साधं होतं: पट्टीवर उजवं क्लिक करून ती पुन्हा डाव्या कडेला उभी लावता आली. खिडक्यांच्या मांडणीचे चौकोनही स्वतः आखता आले. एक अडचण आली. लिनक्स फाइलच्या नावातलं मोठं आणि छोटं इंग्रजी अक्षर वेगळं मानतं, विंडोज आणि एक्सफॅटचा ड्राइव्ह मानत नाहीत. दोन टिपणांच्या नावांत फक्त पहिल्या अक्षराचा फरक होता. बॅकअपच्या ड्राइव्हवर उतरवताना ‘ही फाइल आधीच आहे, बदलायची का’ असा प्रश्न आला, तेव्हा वेळीच थांबले म्हणून एक टिपण वाचलं. आता दोन्हींना पूर्ण वेगळी नावं दिली आहेत.

ताईचा मॅक परत दिला, तरी त्यातली एक सोय अजून आठवते. फाइल निवडून स्पेसबार दाबला की ती न उघडताच आतला मजकूर दिसायचा. केडीईच्या डॉल्फिन या फाइल बघायच्या प्रोग्रॅममध्ये एफ-११ दाबलं की बाजूला एक रकाना उघडतो आणि फाइलची झलक दिसते. सध्या त्यावर भागतं. पण घाईत असले की हात अजून स्पेसबारकडेच जातो.