तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोतलं आभाळ खरं असतं का?

"ताई, आभाळ खरंच असं होतं का एडिट केलंय?" तिकोना गडावरून काढलेला पवना धरणाच्या पाण्याचा फोटो टाकला तेव्हापासून हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "कुठलं ॲप?" पहिल्याचं उत्तर म्हणजे दोन्ही. आभाळ तसंच होतं आणि एडिटही केलंय. पण एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही, आणि विचारणाऱ्याला खरंच शिकायचं असतं, म्हणून आज नीट बसून लिहितेय.

आधी हे की फोटोत आभाळ एवढं मेल्यासारखं का येतं. आपण गडावर उभे असतो तेव्हा डोळा एकदा ढगाकडे बघतो, एकदा खालच्या झाडीकडे, आणि दर वेळी स्वतःला जुळवून घेतो, आपल्याला कळतही नाही. कॅमेऱ्याला एकाच क्लिकमध्ये दोन्ही धरायचं असतं. जुलैतला दिवस घ्या, सूर्य ढगांच्या मागे, म्हणजे अख्खं आभाळ उजेड लावल्यासारखं पांढरं, आणि खाली करवंदीच्या जाळ्या, ओला कातळ, सगळं काळपट. मोबाइलने खालच्या हिरव्यावर एक्स्पोजर (म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते) धरलं की वरचं पांढरं होऊन उडालंच. उन्हाळ्यात गोष्ट वेगळी. हवेच्या रेणूंमुळे निळा प्रकाश जास्त विखुरतो म्हणून आकाश निळं दिसतं, पण एप्रिल-मेमध्ये हवेत जी धूळ आणि धूर साचलेला असतो त्याचे कण रेणूंपेक्षा कितीतरी मोठे, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, मग आभाळ पाणी घातलेल्या ताकासारखं होतं आणि पलीकडचा डोंगर असून नसल्यासारखा. मृगाच्या दोन-चार सरी पडून गेल्या की तीच हवा धुऊन निघते आणि राजगडावरून तोरणा हाताशी आल्यासारखा दिसतो. म्हणजे पावसाळ्यातलं पांढरं आणि उन्हाळ्यातलं पांढरं ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि त्यांना औषधही एकच चालत नाही.

ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे बरं का. १८५० च्या दशकात काचेवर कोलोडियन लावून फोटो काढत, ते रसायन निळ्या प्रकाशाला फार हळवं होतं, त्यामुळे जमीन किंवा समुद्र नीट येईपर्यंत आकाश पार पांढरं होऊन जायचं. फ्रान्समधल्या गुस्ताव ल ग्रेने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो केले, त्यातल्या काहींमध्ये समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी, अशा दोन जोडून एक प्रिंट काढली. "पूर्वी सगळं खरं होतं, आता कॉम्प्युटर आला" असं कोणी म्हणालं की मी हे सांगते. फरक एवढाच की त्याला डार्करूममध्ये जोडणी जमवावी लागायची आणि आता फोटोशॉपमध्ये २०२० पासून आकाश बदलायचा ऑप्शनच आहे, दोन क्लिक, बसल्या जागी. ल्युमिनार नावाच्या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरने तर ते आदल्या वर्षीच आणलं होतं.

आणि ते मी केलंय. मनापासून केलंय, म्हणून त्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे असं वाटतं.

माझी मावशी मुळशीत असते, ताम्हिणीच्या रस्त्याने आत. जुलैअखेर भातलावणी चालू होती, मी दोन दिवस राहायला गेले होते. खाचरं पाण्याने भरलेली, बायका ओळीने वाकलेल्या, एक-दोघींच्या डोक्यावर अजून इरलं, बाकीच्यांनी प्लास्टिकचा कागद बांधलेला, मागे डोंगर आणि वर राखाडी आभाळ. मी बांधावरून बरेच फोटो काढले आणि तेवढ्यात पाऊस असा आला की सगळ्यांना पळावं लागलं, मी कॅमेरा पदराखाली धरून पळाले. घरी येऊन कॉम्प्युटरवर बघितलं तर फोटो छान पण आभाळ सपाट. त्याच आठवड्यात ते आकाश बदलायचं टूल शिकले होते, म्हणून त्यातलं एक तयार आकाश लावलं, नारिंगी-गुलाबी, पेटलेले ढग. स्क्रीनवर झकास दिसत होतं. प्रिंट काढून गणपतीत मावशीकडे घेऊन गेले.

मावशीने फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आभाळ असं पेटलंय, मग खाचरातलं पाणी पांढरं कसं गं?"

मी बघितलं. वर सगळं नारिंगी आणि खाली एकूण एक खाचर राखाडी-पांढरं, जसं त्या दिवशी होतं तसं. पुढे ती म्हणाली, आणि आपला फोटो तर वरच्या अंगाला तोंड करून काढलाय, तिकडे दिवस कधी मावळतो? ती दिशा उत्तरेची होती. तिने फोटोशॉप कधी बघितलेलं नाही, पण जन्म त्या बांधावर गेलाय, पाण्यात आभाळ कसं पडतं हे तिला कोणी शिकवायला नको. मला खूप वाईट वाटलं. तिला फसवायचा हेतू नव्हता, पण तिच्या शेतावर मी कुठलं तरी परकं आभाळ आणून टाकलं होतं आणि ते तिलाच भेट म्हणून दिलं होतं.

तेव्हापासून माझं ठरलंय. त्या क्षणी त्या जागी जे आभाळ होतं तेच ठेवायचं, त्यातलं जे कॅमेऱ्याला नीट धरता आलं नाही ते बाहेर काढायचं. त्याच्यापुढे नाही. लग्नाचे, जाहिरातीचे फोटो करणारे लोक आकाश बदलतात, त्यांचं काम वेगळं, गिऱ्हाइकाला माहीत असतं, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण "अमुक गडावरून आजची संध्याकाळ" असं लिहून खाली दुसऱ्याच कुठल्या तरी देशातलं आभाळ लावायचं, हे मला चुकीचं वाटतं, आणि बदललं असेल तर तसं लिहावं एवढं तरी व्हायला हवं, कारण लोक तो फोटो बघून गाडी काढतात, पोराबाळांना घेऊन जातात.

आता बाहेर काढायचं म्हणजे काय, तर तो तिकोन्याचाच फोटो घेऊ. पुढे पवनेचं पाणी, पलीकडे तुंगचा सुळका, वर शाईच्या रंगाचे ढग थरावर थर. अर्धं काम तिथेच होतं. मी एक्स्पोजर ढगांवर धरलं, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर खालचं सगळं अंधारलेलं दिसत होतं, बरोबरचा मुलगा म्हणाला फोटो काळा आलाय, म्हटलं येऊ दे. कारण काळं झालेलं बऱ्यापैकी परत आणता येतं, पांढरं झालेलं नाही. पिक्सल २५५ ला, म्हणजे पूर्ण पांढऱ्याला टेकला की त्यात माहिती उरतच नाही, कितीही स्लायडर ओढा, फक्त राखाडी डाग मिळतो. म्हणून हिस्टोग्रामचा (फोटोत काळं किती, पांढरं किती ते दाखवणारा आलेख, उजवीकडे पांढरं) डोंगर उजव्या भिंतीला चिकटलेला नसावा, बाकी काही समजलं नाही तरी एवढं बघा. आणि शक्य असेल तर रॉमध्ये काढा, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल. जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. ढगांमधला फरक इतका बारीक असतो की जेपेग ओढलं की गुळगुळीत आभाळात पट्टे पडतात, रांगोळीचे थर दिसावेत तसे.

घरी आल्यावर लाइटरूम, हे कॉम्प्युटरवरचं एडिटिंग सॉफ्टवेअर. आधी पूर्ण फोटोचे हायलाइट्स (उजळ भाग) खाली, शॅडोज (काळपट भाग) थोडे वर. मग मास्क, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून बदलायचा, त्यात सिलेक्ट स्काय. ते बटण आकाश आपोआप निवडतं आणि नव्वद टक्के वेळा बरोबर निवडतं, पण सगळी मंडळी इथेच फसतात, कारण निवडल्यावर एक्स्पोजर धाडकन खाली नेतात आणि मग तुंगच्या कडेने पांढरी रेघ उमटते, जणू कोणी कात्रीने डोंगर कापून चिकटवलाय. मी काय करते, आकाशाच्या मास्कमध्ये फार थोडं करते, एक्स्पोजर उणे अर्धा, डीहेझ (धूसरपणा कमी करणारा स्लायडर) दहा-बारा, त्याच्यावर नाही, आणि मग वेगळा लिनियर ग्रेडियंट (हळूहळू विरत जाणारा मास्क) वरून खाली ओढते, तो डोंगरावरही जरासा येऊ देते. त्याने आभाळ वरून हळूहळू गडद होत येतं आणि डोंगराच्या माथ्यालाही त्या ढगाची सावली लागते, जी खरोखर लागतेच. डीहेझबद्दल एक, तो ढगातला आकार काढतो खरा पण रंगही भडक करतो, म्हणून बरोबर सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, पाच-सात खाली घ्यायचं. शिवाय सेन्सरवरची धूळ तो अशी दाखवतो की आभाळात दहा-बारा गोल डाग दिसायला लागतात, आधी वाटतं पक्षी आहेत. ते हील या डाग पुसायच्या टूलने एकेक पुसायचे, आळस करायचा नाही, प्रिंटमध्ये दिसतात.

मग पाणी. हे मावशीमुळे शिकले आणि आता कधी चुकवत नाही. आभाळाला जे केलं त्याच्या निम्मं पाण्याला करायचं. आभाळ थंड निळसर केलं तर पाणीही थोडं निळसर, आभाळ गडद केलं तर पाणीही. पाण्यात पडलेलं आभाळ वरच्यापेक्षा साधारण थोडं गडदच असतं, कारण सगळा प्रकाश काही परत येत नाही, थोडा पाण्यात जातो. तुमच्या फोटोत तळं वरच्या ढगांपेक्षा उजळ दिसायला लागलं तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकेल.

मोबाइलवाल्यांनी नाराज होऊ नका, स्नॅपसीड हे ॲप फुकट आहे आणि पुरतं. ट्यून इमेजमध्ये हायलाइट्स खाली, मग सिलेक्टिव्ह, आभाळावर बोट टेकवायचं, दोन बोटांनी गोल लहान-मोठा करायचा, ब्राइटनेस कमी, स्ट्रक्चर थोडं वर. ॲम्बियन्स मात्र जपून, पन्नासच्या पुढे गेलं की झाडी प्लास्टिकची होते. कॉम्प्युटरवर पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल हे फुकट सॉफ्टवेअर आहे, शिकायला वेळ लागतो पण काम चोख.

निळ्या आभाळाचा फोटो असेल तर अजून सोपं, निळ्या रंगाचा ल्युमिनन्स (उजळपणा) वीसेक खाली घेतला की पांढरे ढग आपोआप उठून दिसतात. पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) असेल तर तोही तेच करतो, फक्त सूर्य बाजूला हवा, सूर्याकडे किंवा बरोबर सूर्याला पाठ करून उभं राहिलं तर त्याचा उपयोग जवळजवळ नाही, आणि फार वाइड लेन्सवर आभाळाच्या मधोमध एक गडद पट्टा येतो. एवढं सांगून हे पण सांगते की आभाळात काहीच नसेल, म्हणजे अगदी काहीच नाही, एप्रिलमधली दुपार, तर एडिट करत बसू नका. क्रॉप करा. आभाळ एक-पंचमांश ठेवा किंवा पूर्ण काढून टाका, खालचा कातळ, पायऱ्या, बुरुजाचा दगड यांच्याकडे बघा. मी कितीतरी फोटो असे वाचवलेत.

आणि खरं सुंदर आभाळ हवं असेल तर हस्त नक्षत्रात जा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या दहा दिवसांत सकाळी हवा स्वच्छ असते, दुपारनंतर ढग असे उभे वाढत जातात की डोंगर त्यांच्यापुढे लहान वाटतात, आणि चार-पाचला गडगडाट. विजा असतात, माथ्यावर थांबू नका, खाली या आणि खालून काढा. सूर्य मावळल्यावर लगेच कॅमेरा बॅगेत टाकू नका, उंचावरच्या ढगांना खालून रंग चढतो तो नंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत. बहुतेक लोक तेव्हा गाडीकडे चालत असतात, वाईट वाटतं.

खाचराच्या त्या फोटोचं विचाराल तर मूळ रॉ फाइल होती माझ्याकडे. पुढच्या दिवाळीआधी ती परत उघडली. नारिंगी वगैरे काही नाही, राखाडी आभाळ राखाडीच ठेवलं, हायलाइट्स खाली घेतले, डीहेझ आठ, पाण्याला चार, आणि अगदी सावकाश डोंगराच्या वर डाव्या बाजूला एक काळसर पट्टा दिसायला लागला, पावसाची तिरकी रेघ खाली उतरलेली, जी आधी सपाट पांढऱ्यात बुडून गेली होती. पाण्यात पण तोच काळसरपणा, पुसट. प्रिंट काढली, मावशीकडे गेले, काही न सांगता हातात दिली.

तिने पुन्हा उजेडाकडे धरली. पहिल्यांदा खाचरं बघितली, मग बायका मोजल्या, मग बोट वर नेऊन त्या काळ्या पट्ट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "हा बघ, ह्यानंच पळवलं होतं आपल्याला त्या दिवशी."