कागदावर बसलेली गोळी

अमेरिकेतल्या ओहायोत ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करायचा हंगाम जानेवारीच्या सुरुवातीला येतो आणि चार दिवसांत संपतो. मी एका दुकानात शिकारीच्या काउंटरवर काम करते. हंगामाआधी तिथे जेवायला सवड नसते, आणि हंगाम संपला की लोक तक्रारी घेऊन येतात. गेल्या जानेवारीत आलेल्या एका आजोबांचं प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

त्यांनी काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक निशाणाचा कागद. १०० यार्डांवरून मारलेल्या तीन गोळ्या, तिन्ही भोकं दोन इंचांच्या आत. दुसरी एक पिशवी, त्यात तांब्याचा चुरगळलेला पत्रा आणि शिशाचे बारीक कण. "गोळी एकच," ते म्हणाले. "कागदावर अशी आणि हरणात अशी."

त्यांची चौदा वर्षांची नात पहिल्यांदाच शिकारीला बसली होती. मादी तीस यार्डांवर आली, थोडी तिरपी उभी राहिली. मुलीने बार काढला, तो खांद्यावर बसला आणि हरीण पळालं. बर्फावर रक्ताचा माग काही अंतर मिळाला, मग तुटला. माग शेजाऱ्याच्या शेताकडे जात होता. इथे दुसऱ्याच्या जमिनीवर शिकारीला लेखी परवानगी लागते, ती मिळेपर्यंत अंधार पडला. सकाळी हरीण सापडलं तेव्हा कायोटींनी, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या रानटी जनावरांनी, निम्मं खाल्लं होतं. आजोबांनी खांदा सुरीने उघडून पाहिला. गोळी हाडावरच फुटली होती, छातीत शिरलीच नव्हती.

"नेम चुकला असणार," माझा सहकारी पलीकडून म्हणाला. कागद त्याने पाहिलाही नाही. आलेल्या प्रत्येकाला तो हेच सांगतो.

नेम चुकला नव्हता. माझं माहेर सिंधुदुर्गातलं. शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक मी लहानपणापासून पाहिली आहे: नळीत दारू, वर बोळा, मग छर्रे, आणि गजाने ठासायचं. इथली आधुनिक बंदूकही तोंडातूनच भरतात, पण नळीच्या आत आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या वळणदार खाचा असतात, बहुतेकींत २८ इंचांत एक फेरा. नळी .५० इंच व्यासाची आणि गोळी .४५ इंचाची. मधली फट भरतो तो सेबो, म्हणजे पाकळ्यांचा प्लॅस्टिकचा कप. आटे पकडतो तो कप, गोळी आट्यांना शिवतही नाही. नळीबाहेर पडल्यावर हवेने पाकळ्या उघडतात, कप मागे पडतो आणि गोळी फिरत पुढे जाते. ही रचना मला फार आवडते. पण तिच्यामुळेच एक घोळ होतो: .४५ व्यासाची कुठलीही गोळी त्या कपात बसते.

आजोबांकडे .४५ ऑटो पिस्तुलाच्या २०० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळी-दारूचं वजनाचं माप) पोकळ टोकाच्या गोळ्या होत्या. पिस्तुलाची काडतुसं ते घरीच भरतात. (अशा माणसाला मी न विचारताच बजावते, की ती बिनधुराची दारू चुकूनही या बंदुकीत घालू नका, नळी फुटून जीव जाईल.) पिस्तुलातून ती गोळी सेकंदाला ९०० फुटांच्या आसपास जाते आणि त्या वेगाला उमलेल इतकंच तिचं जाकीट, म्हणजे शिशावरचं तांब्याचं आवरण, पातळ ठेवलेलं असतं. आजोबांनी तिच्यामागे ट्रिपल सेव्हन या ठासणीच्या दारूच्या तीन पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या वड्या, घातल्या होत्या, प्रत्येकी ५० ग्रेनची. म्हणजे वेग २,००० फुटांच्या वर. तीस यार्डांवर तो फारसा उतरलेलाही नसतो. हाड लागताच तिचा चुरा होणारच होता.

हे मी सांगितलं, पण आजोबा कागदावर बोट ठेवून बसले. इतक्या जवळजवळ पडणारी गोळी वाईट कशी? शेवटी मालकाची परवानगी काढून शनिवारी आमच्या रेंजवर त्यांना नातीसकट बोलावलं. दुधाचे रिकामे गॅलनचे कॅन कोमट पाण्याने भरून ओळीत मांडले. गार पाणी त्या थंडीत गोठलं असतं.

पिस्तुलाच्या गोळीने पहिला कॅन उडवला. दुसऱ्यात जाकीट आणि शिसं वेगवेगळं सापडलं, तिसरा कोरा. मग बार्न्स कंपनीची २५० ग्रेनची अख्ख्या तांब्याची गोळी दोन पेलेटवर मारली. ती पाचव्या कॅनमध्ये मिळाली, तिच्या टोकाच्या उमललेल्या सहाही पाकळ्या मागे वळलेल्या, एकही तुटलेली नाही. मुलीने ती तळहातावर घेतली आणि बराच वेळ फिरवून पाहिली.

आजोबांनी मात्र तीच गोळी आपल्या सवयीच्या तीन पेलेटवर १०० यार्डांवर मारली आणि कागदावर भोकं पाच इंचांत विखुरली. "बघ," ते म्हणाले. बर्फाचा इथे फायदा झाला. पांढऱ्यावर काळे सेबो लगेच दिसतात. मी पुढे जाऊन तिन्ही वेचून आणले. एकाची पाकळी मुळातून तुटलेली, दुसऱ्याचा तळ फाटलेला. माझ्या दृष्टीने निशाणाच्या कागदाइतकंच हे वाचायला हवं, पण वाकून सेबो उचलणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटतं. तळ फाटला की वायू बाजूने निसटतो; पाकळ्या एकसारख्या उघडल्या नाहीत तर गोळी सुटतानाच एका बाजूला ढकलली जाते. त्या सेबोला १५० ग्रेनचा दाब झेपत नव्हता.

पेलेट दोनवर आणल्या. सेबो बदलून हार्वेस्टर कंपनीचा क्रश रिब घेतला. त्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक कंगोरे असतात, त्यामुळे तो नळीत कमी जोराने सरकतो. थंडीत प्लॅस्टिक कडक होतं. आधीचा सेबो खाली न्यायला ती मुलगी गजावर अंगाचा सगळा भार टाकत होती. गोळी दारूपर्यंत पुरती टेकली नाही आणि मध्ये पोकळी राहिली तर ते जिवावर बेतू शकतं, म्हणून गजावर खूण करून दिली. ट्रिपल सेव्हन जळाल्यावर नळीत कडक कडं धरतं, तेव्हा प्रत्येक बारानंतर एक ओलं फडकं आणि मग एक कोरडं. या बेतावर तीन गोळ्या तीन इंचांत आल्या. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंचांची असते, तिथे तीन इंच पुष्कळ झाले. आजोबांना तरीही दोन इंचांचा कागद सोडवत नव्हता.

मुलीने तेव्हा विचारलं, "हरीण तिरपं नसतं, बरगड्यांत लागली असती तर?"

तर पिस्तुलाच्याच गोळीने ते बहुधा थोड्या अंतरात पडलं असतं. बरगड्या पातळ असतात, चुरा थेट फुप्फुसात गेला असता. मी तिला हे खरं तेच सांगितलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तसं झालं असतं तर आजोबा दुकानात आलेच नसते, चार जणांना तीच गोळी घ्यायला सांगत फिरले असते. आणि काउंटरवर येऊन "माझ्या शेजाऱ्याची ती गोळी द्या" म्हणणारे सगळे असेच आलेले असतात. त्या शेजाऱ्याचं हरीण कसं उभं होतं, हे कोणालाच ठाऊक नसतं.

आमच्या दुकानात सुटे सेबो आणि पिस्तुलाच्या सुट्या गोळ्या एकाच रॅकवर टांगलेल्या आहेत, कारण माल व्यासाप्रमाणे लावायचा असा नियम आहे. वर "मॅग्नम" लिहिलेलं तीन पेलेटचं चित्र. सहकारी त्या चित्राकडे बोट दाखवून विकतो. फेब्रुवारीपासून मी मालकाच्या मागे लागले आहे, की पिस्तुलाच्या गोळ्या दुसऱ्या भिंतीवर न्या, निदान किती वेगापर्यंत चालतात याची पाटी तरी लावा. आता डिसेंबर लागला. मालक म्हणतो, जानेवारीचा हंगाम होऊ दे, मग बघू. पण त्या रॅकवरचा माल खपतो तो जानेवारीच्या आधीच.