तुम्ही विचारलेत म्हणून: सिलिंडर फोनोग्राफचे भाग

गिरगावातील माझ्या घरी येणाऱ्या बहुतेकांची नजर खिडकीजवळच्या लाकडी पेटीवर आणि तिच्या कर्ण्यावर जाते. तो ग्रामोफोन नसून एडिसन कंपनीचा ‘स्टँडर्ड’ फोनोग्राफ आहे, त्यावर तबकडीऐवजी सिलिंडर, म्हणजे ध्वनी कोरलेले पोकळ नळकांडे, वाजतो, असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: याचे सुटे भाग आता मिळतात तरी कुठे, आणि तुम्ही ते ओळखता कसे? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

एडिसन कंपनीने सिलिंडर बनवणे १९२९ मध्ये थांबवले, तरी भाग मिळतात. रबरी कड्या, पट्टे, नीलमण्याच्या सुया परदेशातील काही कारागीर आजही नव्याने करून विकतात, आणि चोरबाजारातील मटण स्ट्रीटवरच्या एखाद्या दुकानात क्वचित मूळ भागही हाती लागतो. मात्र काहीही मागवण्याआधी यंत्र दोन मिनिटांच्या सिलिंडरचे, चार मिनिटांच्या की दोन्हींचे, हे ठरवावे लागते. सुरुवातीच्या मेणाच्या सिलिंडरवर इंचाला १०० खाचा असत. १९०८ मध्ये आलेल्या चार मिनिटांच्या ‘अँबेरॉल’ सिलिंडरवर त्या २०० झाल्या. फिरण्याचा वेग दोन्हींचा एकच, मिनिटाला १६० फेऱ्या. त्यामुळे अँबेरॉलला सुई अधिक बारीक लागते आणि सुई वाहून नेणारा गाडा निम्म्या वेगाने सरकावा लागतो.

ओळखीची सुरुवात मी रिप्रोड्यूसरपासून, म्हणजे सुई आणि ध्वनी उमटवणारा पडदा असलेल्या भागापासून, करतो. त्यावर कोरलेले अक्षर भिंगातून वाचावे: ‘सी’ असल्यास तो दोन मिनिटांचा, ‘एच’ असल्यास चार मिनिटांचा, आणि ‘के’ असल्यास त्यात दोन सुया असून त्या फिरवून बदलता येतात. ‘सी’ची जाड सुई अँबेरॉलवर टेकवली तर ती खाचेत न बसता कडांवरून घासत जाते. त्याहून वाईट म्हणजे नंतरच्या यंत्रांतील हिऱ्याची सुई मेणावर चालवणे. ती सुई सेल्युलॉइडच्या निळ्या सिलिंडरांसाठी आहे. मेण ती अक्षरशः तासून काढते, आणि तासलेले गाणे कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही.

माझे यंत्र घरी आले तेव्हा त्याचा आवाज चिरका आणि क्षीण होता. ‘सी’ रिप्रोड्यूसर उघडल्यावर दिसले, की आधीच्या कोणा दुरुस्ती करणाऱ्याने आतला पातळ पडदा कडेने सरसकट चिकटवून टाकला होता. हा पडदा दोन मऊ रबरी कड्यांच्या मध्ये मोकळा राहिला पाहिजे, कारण सिलिंडरवरचा ध्वनी खाचेच्या कमीअधिक खोलीत असतो आणि सुईची ती वरखाली हालचाल एका चिमुकल्या दुव्यावाटे पडद्याच्या मध्यावर पोहोचते. लाकडी काडीच्या टोकाने तो गोंद सोडवायला मला दोन रविवार लागले. सुरी लावण्याचा धीर झाला नाही. नव्या कड्या बसल्यावर त्याच सिलिंडरमधले शब्द स्पष्ट ऐकू आले.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजणे. तेव्हा दोष बहुधा अर्ध्या नटात असतो. गाड्याला जोडलेला हा नट इंचाला १०० आटे असलेल्या लांब स्क्रूवर अलगद टेकून गाड्याला पुढे नेतो. आटे झिजले वा त्यांत जुने तेल घट्ट झाले की तो घसरतो. आधी रॉकेलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने आटे स्वच्छ करावेत. नटाची पट्टी वाकवून दाब वाढवण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याने स्क्रूच झिजतो, आणि नटापेक्षा स्क्रू मिळणे फार अवघड. तो स्थानिक लेथवर कातून घ्यायचा असेल तर ०.२५ मिलिमीटरचा मेट्रिक आटा चालणार नाही, कारण त्यात इंचाला १०१.६ आटे पडतात.

चावीच्या मोटरची कमान (स्प्रिंग) पूर्ण सैल झाल्याखेरीज तिचा डबा उघडू नये, हात फाटतो. कमानीवरचे ग्रीस सुकले असेल तर वाजताना पेटीतून धक्के ऐकू येतात. ते धुऊन ग्रॅफाइट मिसळलेले नवे ग्रीस भरावे. वेग पाहण्यासाठी मी सिलिंडरच्या कडेला कागदाची चिठ्ठी लावून सुई टेकवतो आणि फेऱ्या मोजतो: पंधरा सेकंदांत चाळीस.

मुंबईचा पावसाळा हा या छंदाचा खरा शत्रू आहे. मेणाच्या सिलिंडरवर बुरशी धरते आणि पुसली तरी तिने खाल्लेली जागा खरखरत राहते. निळ्या सिलिंडरांच्या आतले प्लास्टर दमटपणाने फुगते आणि ते यंत्राच्या निमुळत्या दांड्यावर पुरते चढत नाहीत. जोर लावला तर सेल्युलॉइडला उभी चीर जाते. अशा वेळी मी सिलिंडर कोरडा होऊ देतो, दोन बोटे आतून ताणून तो धरतो आणि बारीक पॉलिश पेपरने आतले प्लास्टर थोडे थोडे घासतो, भुकटी झटकतो, दांड्यावर चढवून पाहतो, आणि तो न ढकलता आपल्या जागी जाईपर्यंत पुन्हा घासतो.