ती ओहोटी नव्हती

आमच्या धंद्यात, म्हणजे खोदकामाशेजारच्या इमारती किती हलतात ते मोजण्याच्या कामात, रात्रीचे अलर्ट बहुतेक वेळा फुसके निघतात. उंदीर केबल कुरतडतो, नाहीतर टाकीचं काम करायला आलेला प्लंबर सेन्सरच्या ब्रॅकेटवरच पाय देतो. त्यामुळे वाशीच्या साइटवरून पहाटे मेसेज आला तेव्हा मी आधी आलेख उघडले, गाडीची किल्ली नंतर शोधली.

जुन्या चार मजली सोसायटीला लागूनच नव्या टॉवरच्या तळघरांसाठी खड्डा खणत होते. वर भराव, त्याखाली खाडीची मऊ काळी माती, आणि सोसायटी उभी राफ्टवर, म्हणजे इमारतीखालच्या एका सलग काँक्रीटच्या पायावर. तिच्या भिंतींवर आम्ही टिल्टमीटर, म्हणजे कल मोजणारे सेन्सर, लावले होते. हे यंत्र कोनाच्या सेकंदांत बोलतं, म्हणजे एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एक. एक सेकंद कल म्हणजे किलोमीटरभर लांबीला पाच मिलिमीटरसुद्धा उंच-सखलपणा नाही. इतक्या बारीक नजरेला कुठलीच इमारत स्थिर दिसत नाही. सकाळचं ऊन पूर्वेच्या भिंतीवर पडलं की ती भिंत प्रसरण पावते आणि इमारत नकळत पश्चिमेकडे झुकते, दुपारनंतर उलट. डार्विनच्या दोन मुलांनी, जॉर्ज आणि होरेसने, १८८० च्या सुमारास केंब्रिजमध्ये चंद्राच्या ओढीने ओळंबा किती हलतो ते मोजायला घेतलं होतं. जमिनीच्याच चुळबुळीने त्यांना इतकं हैराण केलं की चंद्र बाजूलाच राहिला. त्यांना नकोशी झालेली ती चुळबुळ मोजायचाच आम्हाला पगार मिळतो.

इमारतीची रोजची चुळबुळ मला तोंडपाठ होती. रोज जाते, रोज परत येते. त्या रात्री मात्र आकाश ढगाळ, तापमान सपाट, आणि खड्ड्याकडच्या भिंतीवरचे सगळे सेन्सर अकराच्या सुमारापासून एकाच दिशेला चालले होते. एकच सेन्सर असता तर झोपले असते. पहाटेपर्यंत कल ४० सेकंदांवर गेला होता.

साइटवर पोहोचले तर सुपरवायझर निवांत. "मॅडम, ओहोटी असेल. खाडी जवळ आहे, पाणी खाली जातं, पुन्हा वर येतं."

शंका अगदीच चुकीची नव्हती. खाडीलगतच्या भरावातलं पाणी भरती-ओहोटीबरोबर थोडं हलतं. पण ओहोटी सहा-सव्वासहा तासांत उलटते. भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर होतं. मध्यरात्रीनंतर भरती लागली होती, तरी जमिनीतल्या पाण्याची पातळी बघायला पुरलेल्या निरीक्षण नळीतलं पाणी उतरतच होतं, नेहमीपेक्षा दीड मीटर खाली.

मग मी पंपांकडे गेले. खड्ड्याच्या कोपऱ्यात एक जादा पंप जोरात चालू होता. संध्याकाळी तिथून झिरपा वाढला म्हणून रात्रपाळीने तो लावला होता, कुणाला न विचारता. झिरपा थांबला, खड्डा कोरडा, सगळे खूश. पण ते पाणी सोसायटीच्या पोटाखालून येत होतं. मातीच्या कणांमधलं पाणी काढलं की त्याचा दाब उतरतो, वरचा भार कणांवर येतो, माती दबते. एका बाजूची जास्त दबली की इमारत तिकडे कलते. पंप बंद करायला लावला, त्यावर बरीच बाचाबाची झाली, ती सोडून देते. सकाळी आठपर्यंत आलेखाची चढण मंदावली.

तोवर सोसायटीत बातमी पोहोचली होती. गच्चीवर निम्मी सोसायटी जमलेली, सेक्रेटरीसाहेब घाबरलेले. तळमजल्यावरचे एक काका, जन्मभर गवंडीकाम केलेले, खोलीत ओळंबा सोडून उभे होते. "पोरी, माझा ओळंबा तर भिंतीला सरळ आहे. तुझं मशीन काय सांगतंय?"

काकांचं बरोबर होतं आणि मशीनचंही. तीन मीटरच्या भिंतीत ४० सेकंद म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, काकांचा दोराच त्याहून जाड. दहा मीटर रुंदीच्या इमारतीची एक कड दुसरीपेक्षा दोन मिलिमीटरही खाली नाही. घरं सोडायची गरज नव्हती, आणि तसं मी स्पष्ट सांगितलं. भीती ४० या आकड्याची नव्हती, तासागणिक तो वाढत होता त्याची होती. काका म्हणाले, "म्हणजे पंप तसाच चालू राहिला असता तर?" मी म्हटलं, म्हणूनच पहाटे आले.

पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या बाजूने पाणी परत जमिनीत सोडायची व्यवस्था झाली, नळीतली पातळी वर आली. कल थोडा उतरला, ३१ सेकंदांवर थांबला. दबलेली माती पूर्ण उसळत नाही. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "आता स्थिर आहे ना, मग तिथेच शून्य करून टाका. रिपोर्ट स्वच्छ दिसेल." मी शून्य हलवलं नाही. पुढे खड्डा आणखी खोल जायचा होता, आणि अलर्टची मर्यादा खणायच्या आधीच्या इमारतीवरून ठरली होती. त्या दिवसापासून रिपोर्ट ३१ वरूनच सुरू होतो, आणि जादा पंप लावायचा तर आधी मला फोन येतो.